एका बाईची बकरी

काशाची वाटी परत आली ती पुढच्या दारानं, आणि रिकामी.

शेजारच्या देवकाबाईंची सून आचल उंबऱ्याबाहेर उभी होती. एरवी ही पोरगी आली की चप्पल काढायच्या आधीच निम्मी बातमी सांगून मोकळी होते. आज तिनं नुसती वाटी पुढे केली आणि नजर दाराच्या कडीवर ठेवली.

"आईनं देल्ली, मावशी."

करबीबाईंनी वाटीत पाहिलं. घासूनपुसून लख्ख केलेली होती. आत साखरेचा कण नव्हता की तुळशीचं पान नव्हतं.

"भिंतीवरून नाही दिली ती?"

"मले काय मालूम, मावशी. समोरून नेऊन दे म्हने. जातो मी, गॅसवर दूध ठेवलं हाय."

आचल गेली आणि करबीबाई वाटी हातात धरून तशाच दारात उभ्या राहिल्या. शेजारघरचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, हे त्यांना देवकाबाईंनीच शिकवलं होतं, लग्न होऊन त्या तळेगावात आल्या त्याच महिन्यात. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर टाकावी, साखर संपली असेल तर परसातलं फूल टाकावं, पण हात हलवत भांडं देऊ नये. तेव्हापासून ही वाटी दोन परसांमधल्या भिंतीवरून ये-जा करत होती. वाटी करबीबाईंच्या माहेरची, बंगालातली. इकडून खीर घेऊन जायची आणि तिकडून पाटवड्या, अंबाडीची भाजी, उन्हाळ्यात सरगुंडे घेऊन यायची. मधे कितीदा भांडणं झाली, अबोले झाले. एका अबोल्यात तर देवकाबाईंनी वाटीभर हिरव्या मिरच्या पाठवल्या होत्या, आणि त्या मिरच्यांचं लोणचं घालून करबीबाईंनी ते त्याच वाटीतून परत पाठवलं होतं.

आज मिरचीसुद्धा नव्हती. म्हणजे हे भांडण नव्हतं, हे काहीतरी दुसरंच होतं. आणि काय होतं ते करबीबाईंना पुरतं ठाऊक होतं.

तळेगावात त्यांना करबी या नावानं हाक मारणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे मधू मास्तर. बाकी सगळ्या गावाला त्या 'बंगालीन'. मास्तर इथल्या शाळेत हस्तकला शिकवायचे. तरुणपणी ते कसल्याशा प्रशिक्षणाला बंगालात गेले आणि येताना बांबूच्या टोपल्या विणायची विद्या आणि एक बायको घेऊन आले. टोपल्यांचं पुढे काही झालं नाही, बायको मात्र टिकली, असं ते स्वतःच हसत सांगायचे. नव्या नवरीला बंगाली येत होतं, कॉलेजातलं इंग्रजी येत होतं आणि मोडकंतोडकं हिंदी. मास्तर शाळेत गेले की बोलायला समोर परसातली भिंत. सुदैवानं भिंतीला पलीकडची बाजू होती आणि त्या बाजूला देवकाबाई होत्या.

देवकाबाईंना गप्प बसता येत नाही. तेव्हाही येत नव्हतं. समोरच्या बाईला आपली भाषा कळत नाही ही त्यांच्या लेखी मोठीशी अडचण नव्हती. भिंतीवर कोपरं टेकायची आणि सुरू व्हायचं, "अवं माय! बंगालीन, आयकलं का वं?" मग कोणाच्या विहिरीत कोणाची बादली पडली, मोतीलाल किराणावाला तराजूत गूळ टाकता टाकता किती शेंगदाणे तोंडात टाकतो, तानबाचा बैल शाळेची घंटा झाल्याशिवाय शाळेसमोरून पुढे कसा जात नाही, हे सगळं हातवाऱ्यांसकट यायचं. मोतीलालची गोष्ट सांगताना देवकाबाई मोतीलाल व्हायच्या, बैलाची सांगताना बैल. नवी नवरी आधी नुसती हातांकडे बघायची. हळूहळू शब्द कळायला लागले आणि एक दिवस ती मधल्या मधेच हसली. देवकाबाईंनी तेव्हा सगळ्या आळीला ओरडून सांगितलं होतं, "हासली वं, बंगालीन हासली! समजलं तिले!"

दुपारी घर शांत झालं की करबी त्या गोष्टी बंगालीत लिहून काढायची. आपली भाषा आपल्याला सोडून जाऊ नये एवढाच हेतू होता. मास्तरांनी त्यातली एक गोष्ट परस्पर पाकिटात घालून कलकत्त्याच्या एका मुलांच्या मासिकाला पाठवून दिली आणि ती छापून आली. मग दुसरी आली, तिसरी आली. तळ्यांच्या आणि माशांच्या देशातल्या मुलांना हा संत्र्यांचा आणि कापसाचा, धुळीचा आणि बैलांचा मुलूख फार आवडला. पुढे पुस्तकं निघाली. करबीबाईंनी विदर्भातल्या लोककथा बंगालीत नेल्या, बंगालीतल्या किती तरी बाळगोष्टी मराठीत आणल्या. शाळांच्या वाचनालयांत ती पुस्तकं पोचली, हाताळून फाटली, पुन्हा छापली गेली. एकदा कलकत्त्याला बोलावून शाल दिली, तेव्हा मास्तर पहिल्या रांगेत बसले होते. त्यांना भाषणातलं अक्षर कळत नव्हतं, पण बायकोचं नाव ऐकू आलं की ते टाळ्या वाजवायचे, आणि ते एकटेच वाजवतात हे कळल्यावर सगळं सभागृह त्यांच्याबरोबर वाजवायला लागलं होतं. मास्तरांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. करबीबाईंना त्या शालीपेक्षा त्या टाळ्या जास्त आठवतात.

स्वतःच्या गोष्टी मात्र त्यांनी कधी मराठीत आणल्या नव्हत्या. मोतीलालची गोष्ट मोतीलालला काय सांगायची? पण गेल्या वर्षी शाळेत शाल्मली नावाची नवी बाई आली. वयानं लहान, उत्साहानं मोठी. तिनं पिच्छाच पुरवला. "मावशी, कलकत्त्याच्या मुलांना तळेगाव ठाऊक आहे आणि तळेगावच्या मुलांना नाही, हे बरं दिसतं का?" मग पुण्याचा एक प्रकाशक मिळाला, आणि अख्खा उन्हाळा पंख्याखाली बसून करबीबाईंनी आपल्याच गोष्टींचा अनुवाद केला.

गेल्या रविवारी शाळेच्या सभागृहात त्या पुस्तकाचा कार्यक्रम झाला.

गाव लग्नाला यावं तसं नटून आलं होतं. आपण पुस्तकात आहोत ही बातमी आधीच फुटली होती, आणि मग कोण किती पानं आहे याची चर्चा पारावर रंगली होती. वर्ध्याहून गोरसपाक बिस्किटांचे डबे आले होते. मोतीलाल आता ऐंशीला टेकलेला, नव्या टोपीत आला. देवकाबाईंनी मुलाच्या लग्नात नेसलेलं जरीचं लुगडं काढलं होतं आणि आचलच्या आधी येऊन पहिल्या रांगेतली खुर्ची धरली होती.

शाल्मलीनं मोतीलालची गोष्ट वाचली. पोरं शेंगदाण्यांच्या जागी पोट धरून हसली. सगळ्यांना वाटलं, म्हातारा आता चिडणार. तर तो उभा राहिला आणि म्हणाला, "हाव, खातो मी फल्लीदाने! आन् हे कलकत्त्यातल्या पोट्ट्याईले बी मालूम हाय?"

"आहे," करबीबाई मंचावरून म्हणाल्या.

"वा रे वा! आमाले बाजूच्या आर्वीत कोनी वळखत नाई, न् त्याईले कलकत्त्यात मालूम हाय!" आणि तो सभेला नमस्कार करून खाली बसला.

मग शाल्मलीनं पान उलटलं. "गावातल्या एका बाईची एक बकरी होती. तिचं नाव चंद्री."

"माही!" देवकाबाई ओरडल्या आणि त्यांनी आचलच्या मांडीवर थाप मारली. सभागृह हसलं.

चंद्रीची गोष्ट खरी होती. ती बकरी एका बाजारच्या दिवशी आर्वीच्या एस.टी.त चढली, माणसासारखी खिडकीपाशी उभी राहून आर्वीला गेली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आली. शाल्मली छान वाचत होती. देवकाबाई पुढे सरकून, ओठ हलवत ऐकत होत्या. प्रत्येक वाक्याला त्या थोड्या आणखी पुढे यायच्या, जणू पुढच्या वाक्यात आपलं नाव येणार आहे. गोष्ट संपली. "आपली बकरी परत आलेली पाहून त्या बाईला फार आनंद झाला."

टाळ्या झाल्या. देवकाबाई मात्र अजून वाट बघत होत्या. मागून मोतीलालला राहवलं नाही. "देवकाबाई, तुही बकरी छपली पुस्तकात, न् तू राह्यली बाहीर!"

लोक हसले. देवकाबाईही हसल्या, पण ते हसू जरीच्या पदरासारखं होतं, चार लोकांत घ्यायचं आणि घरी जाऊन घडी घालून ठेवायचं. त्यांनी मंचाकडे एकदा पाहिलं. गोरसपाकाचा डबा समोर आला तेव्हा त्या म्हणाल्या की दातानं चावत नाही.

सोमवारी करबीबाईंनी नारळाचे लाडू केले आणि वाटी भिंतीवर ठेवली. वाटी उचलली गेली. आणि आज ती अशी परत आली होती.

करबीबाईंनी कपाटातून जुनं बंगाली पुस्तक काढलं. कोपरे मऊ पडलेलं, शिवण सुटलेलं. पहिलंच पान उघडलं आणि त्या खुर्चीवर बसून राहिल्या.

बंगालीतली एकही गोष्ट करबीबाई सांगत नाहीत. सगळ्या गोष्टी सांगते ती 'पाचिल-मासी', भिंतीपलीकडची मावशी. प्रत्येक गोष्टीत ती भिंतीवर कोपरं टेकते आणि 'अवं माय!' म्हणून सुरुवात करते. हे दोन शब्द करबीबाईंनी बंगाली अक्षरांत जसेच्या तसे ठेवले होते. कलकत्त्याच्या संपादकानं अर्थ खाली द्यायचा का म्हणून विचारलं, तर त्या म्हणाल्या होत्या, देऊ नका, मुलांना कळेल. मुलांना कळलंच. तिकडच्या शाळांत म्हणे हातातून डबा पडला की मुलं 'अवं माय' म्हणायची. चंद्रीची गोष्टसुद्धा मासीच सांगते, 'माझी चंद्री' म्हणून, रडत आणि हसत.

मग मराठीत येताना ही मासी गेली कुठे? तिला कोणी पळवलं नव्हतं. करबीबाईंनीच आधी ती वऱ्हाडीत लिहिली होती, मोठ्यानं बोलून बोलून. मग पुण्याच्या संपादकाचा फोन आला. मुलगा सज्जन होता, अदबीनं बोलला. "ताई, बोली सगळीकडच्या मुलांना जरा जड जाईल. आणि तुमची मातृभाषा नाही, त्यामुळे कुणाला वाटायचं की चुकाच आहेत. तुम्ही म्हणाल तसं, पण..." त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आतच करबीबाई 'बरं' म्हणाल्या होत्या. आणि खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटलं होतं. स्वच्छ मराठीत लिहायचं ठरल्यावर भिंतीवरची मासी नको झाली, आणि मासी गेल्यावर चंद्रीला कोणीतरी मालकीण हवी म्हणून 'एक बाई' आली. अनुवादात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला त्या दोन शब्दांपाशी काही टोचलं नाही.

आज टोचलं. करबीबाईंना स्वतःची इतकी चीड आली की त्यांनी चहाचं आधण तसंच गॅसवरून उतरवून ठेवलं.

त्यांनी पुस्तक घेतलं, रिकामी वाटी घेतली आणि त्या पुढच्या दारानंच निघाल्या.

देवकाबाई अंगणात उन्हाला पाठ करून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होत्या. पुढ्यात शेंगांचा ढीग, मांडीशी परात. करबीबाईंना पाहून त्यांनी पाट सरकवला.

"या. बसा."

या दोन शब्दांनी करबीबाई पाटाजवळच थबकल्या. मधू मास्तर गेले त्या दिवशीसुद्धा ही बाई 'उठ वं, पानी पे' असं दटावून बोलली होती. तुमी-आमी त्यांच्यात कधी नव्हतं.

"दिदी, ही वाटी." करबीबाईंनी वाटी परातीशेजारी ठेवली. "मी रिकामी वाटी घेत नाई."

"लाडू चांगले झालते," देवकाबाई शेंगांकडे बघत म्हणाल्या. "पोट्ट्याईनं खाल्ले. आता तुमची चीज तुमाले देल्ली. मोठ्या लोकाईच्या वस्तू कायले ठेवाच्या आमी?"

करबीबाई पाटावर बसल्या. माफीची वाक्यं त्यांनी येता येता जुळवली होती. कोणती भाषा घेतली तरी ती खोटी वाटायला लागली. मग त्यांनी सरळ पुस्तक उघडलं आणि बंगालीतूनच वाचायला सुरुवात केली.

"अवं माय! ओ बंगालीन, शुनली नाकी गो? आमार चंद्री आज बासे चेपे आर्वी गेछे!"

देवकाबाईंच्या हातातली शेंग अर्धवट उघडी राहिली.

करबीबाई वाचत राहिल्या. त्यांचा आवाज आपोआप चढला, मधेच दबला, भिंतीपलीकडून यायचा तसा. बंगालीचा एक शब्द देवकाबाईंना येत नव्हता. पण कुठे श्वास घ्यायचा, कुठे कपाळावर हात मारायचा, कुठे 'मंग काय वं' म्हणून थांबायचं, हे सगळं ओळखीचं होतं. कंडक्टर आला. करबीबाईंनी नुसतं "टिकिट..." म्हटलं आणि देवकाबाईंच्या तोंडून निघून गेलं, "हिची तिकिट कोन काढन, म्हनला न थो!"

"हाव. थेच लिवलं हाय."

"आन् डायवर?"

"डायवर म्हनते, काढू नोका तिकिट, लेकराची हाफ बी लागत नाई तिले."

देवकाबाई हसायला लागल्या. तोंडावर पदर घेऊन, खांदे हलवत. मग अचानक थांबल्या. "हे कोन बोलून राह्यलं पुस्तकात?"

"तू."

"मी?"

"तू. सगळ्या गोष्टीत. मोतीलालची बी तूच सांगते, तानबाच्या बैलाची बी. तिकडचे पोट्टे तुले पाचिल-मासी म्हनतात. पाचिल म्हंजे भिंत. मले थे नाई वळखत, दिदी. मी कुठं गेली तं इचारतात, मासी कशी हाय म्हून."

देवकाबाईंनी हात पुढे केला. करबीबाईंनी पुस्तक दिलं. वाचता येत नसलेल्या अक्षरांवरून त्यांनी बोट फिरवलं, मग पान हुंगून पाहिलं, तांदूळ पाहतात तसं.

"मंग इथल्या पोट्ट्याईले मी एक बाई काऊन?"

हा प्रश्न येणार हे करबीबाईंना ठाऊक होतं. "लाज वाटली."

"माही?"

"तुही नाई वं. माही मलेच." मग त्यांनी कधी कोणाला न सांगितलेली गोष्ट सांगितली. लग्नानंतरची पहिली दिवाळी नागपूरला मास्तरांच्या आत्याकडे होती. जेवणाच्या पंगतीत नव्या नवरीनं मोठ्या हौसेनं आपलं पहिलं पूर्ण मराठी वाक्य म्हटलं होतं, 'मले आनखी भाजी पाह्यजे.' सगळी पंगत हसली. आत्या म्हणाल्या, 'अगं बाई, हे गड्यांचं बोलणं कुठून उचललंस?' त्या दिवसापासून करबीबाईंनी दुसरी मराठी शिकून घेतली, पुस्तकातली, इस्त्रीची. लोकांत तीच वापरली. भिंतीपाशी आल्या की मात्र पहिली निघायची.

देवकाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "मंग भाजी वाढली का त्याईनं?"

"वाढली."

"समजलं त्याईले तू काय म्हनली थे. मंग हासाले काय झालतं?"

करबीबाईंना हसू आलं आणि त्या हसण्यातच रडू आलं. पदर डोळ्यांना लावून त्या म्हणाल्या, "आईनं मले बंगाली देल्ली, दिदी. मराठी तू देल्ली. तू त्या भिंतीवर आली नसती तं मी या गावात मुकी मेली असती. माह्या नावानं जेवढं छपलं, थे तुह्या तोंडचं हाय. मी निस्ती टपालवाली. आन् घरच्या पत्त्यावर आली, तं तुलेच इसरली."

"रडू नोको. शेंगाईत पानी पडन." देवकाबाईंनी पुन्हा शेंग उचलली. आवाज निवळला होता, पण बोलणं खरं होतं. "छपलं थे छपलं. आता पोट्टे थेच वाचतीन."

"पुन्हा छापतीन तवा बदलीन मी. त्याईले सांगतो."

"तवापर्यंत मी राह्यतो का?"

दोघींच्या वयाला हा प्रश्न थट्टेचा उरलेला नव्हता. करबीबाईंनी ढिगातली एक शेंग उचलून सोलली आणि त्या म्हणाल्या, "शनिवारी शाळेत ये. शाल्मलीले मी सांगतो. चंद्रीची गोष्ट तूच सांग पोट्ट्याईले."

"मले वाचता येते का?"

"वाचाले कोन म्हन्ते? भिंतीवर वाचून सांगत होती का मले?"

"नाई बाप्पा. थ्या मास्तरनीसमोर? माहं बोलनं असं गावठी. मले लाज वाटते."

बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि मग इतक्या हसल्या की आचल काय झालं म्हणून पोळपाट हातात घेऊन बाहेर आली.

वाटी मात्र त्या दिवशी तिथेच राहिली. करबीबाईंनी मागितली नाही, देवकाबाईंनी दिली नाही.

मधले दिवस करबीबाईंनी पुण्याला फोन करण्यात आणि परसात उगाच चकरा मारण्यात घालवले. संपादक म्हणाला, दुसऱ्या आवृत्तीत नक्की बघू, ताई. या वेळी करबीबाईंनी 'बरं' म्हटलं नाही. "बघू नका, करा," म्हणाल्या, आणि वर वऱ्हाडीत म्हणाल्या, "समजलं का बाबू?" तो गडबडून 'हो हो' म्हणाला. भिंतीपलीकडून देवकाबाईंचा आवाज यायचा, सुनेवर ओरडण्याचा, मांजराला हाकलण्याचा. भिंतीपाशी मात्र त्या आल्या नाहीत.

शनिवारी सकाळी करबीबाई तुळशीला पाणी घालायला गेल्या, तर वाटी भिंतीवर होती. वर बशी झाकलेली. आत हिरवेगार सोले, काठोकाठ. एवढ्या तुरी सोलायला त्या म्हाताऱ्या बोटांना किती वेळ लागला असेल, हे करबीबाईंना विचारायची गरज नव्हती.

शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी अंथरली होती. शाल्मलीनं देवकाबाईंसाठी खुर्ची ठेवली होती, पण त्यांनी ती बाजूला सारायला लावली. त्या जरीच्या लुगड्यातच आल्या होत्या. "उभीच राह्यतो मी," म्हणाल्या आणि व्हरांड्याच्या अर्ध्या भिंतीपलीकडे जाऊन, मैदानाच्या बाजूनं, मुलांकडे तोंड करून उभ्या राहिल्या. दोन्ही कोपरं भिंतीवर टेकली. शिक्षक मंडळी मागे खुर्च्यांवर बसली होती. मुख्याध्यापक होते, तालुक्याहून आलेले एक साहेबही होते. करबीबाई सगळ्यात मागे, दाराजवळ बसल्या.

एवढी माणसं समोर पाहून देवकाबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी पदर सावरला, पुन्हा सावरला. मुलं चुळबुळायला लागली. शाल्मली पुढे होऊन काही सुचवणार, तेवढ्यात देवकाबाईंनी मान उंच केली आणि मुलांच्या, शिक्षकांच्या, साहेबांच्या डोक्यांवरून थेट दाराकडे पाहिलं.

"अवं माय! बंगालीन, आयकलं का वं?"

सगळी शाळा मागे वळली. कोण ही बंगालीन म्हणून शंभर डोळे करबीबाईंवर आले. साहेब हसऱ्या चेहऱ्यानं मान वळवून बघत होते. अशा डोळ्यांसमोर त्या कधी एक शब्द वाकडा बोलल्या नव्हत्या.

त्या उठून उभ्या राहिल्या. "काय झालं वं, दिदी?" त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं. "काऊन वरडून राह्यली? सांग ना मले!"

पोरं खिदळली. देवकाबाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी कोपरं भिंतीवर नीट रोवली, कपाळावर हात मारला आणि चंद्रीला आर्वीच्या गाडीत चढवलं.